पांढरी पट्टी आणि कोंडाईबारीचा उतार

परत आल्यापासून वॉर्डातल्या सगळ्याजणी एकच विचारतात, "सिस्टर, भीती नाही का हो वाटली?"

वाटली. जळगाव सोडताना वाटली, वाटेत वाटली आणि शेवटी तर इतकी वाटली की अजून ड्यूटीवर जाताना मागून ट्रकचा आवाज आला तर मी सायकलवरून उतरते. प्रवासाची वर्णनं मला वाचायला आवडतात, पण लिहिणारी माणसं त्यात फार धीट असतात. मी तशी नाही. तरीही जळगावहून कोंडाईबारीच्या घाटापर्यंत लेकीबरोबर सायकलनं जाऊन आले. कशी, ते सांगते.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन खानदेशात आले. माझी लेक नंदा शाळेतही जात नव्हती तेव्हा तिचे वडील गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मी लेडीज सायकलवरून ड्यूटीला जाते. नंदा त्याच सायकलवर शिकली आणि शिकल्यावर ती सायकल मला परत मिळेना. आता ती कॉलेजात आहे आणि तिला शर्यतीत उतरायचं आहे. परीक्षा झाल्या की नाशिककडे मुलींची शर्यत आहे, तिच्या वाटेत एक घाट लागतो. कॉलेजातले खेळाचे सर म्हणाले, "चढ जमेल तुला. पण उतार मुलींना झेपत नाही. नाव मागे घे."

नंदानं घरी येऊन चप्पलसुद्धा काढली नाही. "मी कोंडाईबारीला जाऊन सराव करणार," म्हणाली.

"कुणाबरोबर?"

"एकटी."

"एकटी नाही जायचं."

"मग कोण येणार? तू?"

हे तिनं चिडून विचारलं होतं. मी "हो" म्हणाले.

माझी भीती उगाच नव्हती. रस्त्यावर पडलेली माणसं आमच्याकडेच येतात. जखमेतली खडी चिमट्यानं काढताना माणूस कसा ओरडतो ते मला माहीत आहे. डोक्याला मार लागलेल्या एका सायकलवाल्याची आई रात्रंदिवस बाकावर बसून असायची, तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

नंदाची शर्यतीची सायकल मैत्रिणीच्या भावाकडून, मुंबईहून रेल्वे पार्सलनं आलेली. जुनी, पण हलकी इतकी की एका हातानं उचलावी. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, नुसतं चकचकीत लोखंड. घामेजल्या हातातून ते सटकू नये म्हणून त्यावर कापडाची पट्टी गुंडाळतात. ती पांढरी पट्टी सायकलबरोबरच आली होती. निघायच्या आदल्या दिवशी नंदा ओट्यावर बसली, हँडलच्या मध्यापासून सुरुवात केली आणि गुंडाळत गुंडाळत खाली टोकापर्यंत आली. उरलेलं टोक नळीत कोंबून वर बूच ठोकलं. दिसायला फार छान दिसत होतं. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या.

जळगाव ते पारोळे

पहाटेचं धुकं विरल्यावर निघालो. माझा साडीचा पदर कमरेला खोचलेला, कॅरिअरवर कपडे आणि मलमपट्टीचा डबा. नंदा सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून पुढे. केळीच्या बागा मागे पडल्या आणि गिरणेचा पूल आला. पुलाच्या मध्यावर मागून ट्रक आला. त्यानं हॉर्न दिला, अगदी कानाशी. वाऱ्याच्या झोतानं माझी सायकल कठड्याकडे ओढली गेली. मी दोन्ही ब्रेक दाबून थांबले आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नंदा पुलापलीकडे उभी राहून हात हलवत होती. हसत होती!

"आई, डोळे मिटून सायकल चालवतात का?"

"तू जिवंत आहेस का ते बघायची हिंमत होत नव्हती," मी म्हणाले. ती पुन्हा हसली. मी खरंच सांगत होते.

माघाचे दिवस, कापसाचा हंगाम. कापसानं फुगलेल्या गाड्या एकामागून एक जिनिंगकडे चाललेल्या. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून सगळी झाडं पांढरी झाली होती. साताऱ्याकडे असं दृश्य नाही. दुसऱ्या कुणाबरोबर असते तर थांबून बघत बसले असते. पण नजर नंदाच्या मागच्या चाकावरून काढायची म्हणजे मला संकट वाटे.

एरंडोलला चहाला थांबलो तर भोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्या आबांनी सायकलला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बहीण, या सायकलना शिंगडा खाले का बरं वाकेल शेतस?"

नंदानं सांगितलं, वाकून बसलं की वारा कमी लागतो. आबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोर पडी जाई ना व?"

पोरगी पडेल ना गं, असं एका अनोळखी माणसानं विचारलं. दिवसभर मी ज्याचा विचार करायचं टाळत होते तेच. चहा अर्धाच ठेवून मी सायकलकडे गेले.

पारोळ्याला एका मारवाडी कुटुंबाकडे मुक्काम होता. त्यांच्या सुनेचं बाळंतपण माझ्या हातून झालं होतं. आम्ही दारात पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि शेठाणीबाई ओसरीवर वाट बघत येरझारा घालत होत्या. "सिस्टर, हातपाय मागून धुवा! आधी पानावर बसा, सूरज चाललाय!" घर जैनांचं, सूर्य मावळल्यावर चूल बंद. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग गप्पा, मग सावकाश जेवण. इथे धूळभरल्या तोंडानंच आम्ही पुऱ्या आणि पापडाची भाजी खाल्ली. शेठाणीबाई एक डोळा पश्चिमेकडे ठेवून वाढत होत्या. त्या दिवसात मी मनापासून हसले ते तेवढंच.

धुळे

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि नंदाच्या पट्टीनं पहिल्यांदा त्रास दिला. घाम आणि धूळ मिसळून पट्टी काळपट झाली होती, तिच्या कडा वळून तिची जागोजागी दोरी झाली होती. धुळ्याच्या अलीकडे डाव्या बाजूचं बूच पडलं आणि पट्टीचं टोक बाहेर येऊन फडफडू लागलं. नंदानं ते आत खोचलं, वरून सुतळी बांधली.

धुळ्यात माझी जुनी मैत्रीण विमल नर्सच्या क्वार्टरमध्ये राहते. तिनं शेवभाजी केली होती. वर बोटभर तेलाचा लाल तवंग. मी साताऱ्याची, तिखटाला भिणारी नव्हे, पण इथल्या काळ्या मसाल्यापुढे अजून डोळ्यांतून पाणी येतं. विमलला वाटलं मी रडतेय. खरं म्हणजे तेही थोडं होतंच.

जेवणानंतर आम्ही दोघी मायलेकी पांझरेच्या काठी जाऊन बसलो. तिथे मी बोलून टाकलं. "नंदा, इथवर आलो, पुष्कळ झालं. सायकली एसटीच्या टपावर टाकू आणि घरी जाऊ."

 ती म्हणाली, "तू घाबरतेस ते मला कळतं, आई. पण तू घाबरलीस की मला दोघींचं ओझं वाहावं लागतं. तुझी भीती तू सांभाळ ना. माझी मी सांभाळते."

"तुला वाटते का भीती?"

"उताराची वाटते. म्हणून तर चाललेय."

 मी तिला हात धरून उठवलं आणि आम्ही परत आलो.

साक्री

धुळ्याहून साक्रीचा रस्ता सारखा चढता आणि वारा समोरून. कुसुंब्यापुढे मी कितीतरी वेळा उतरून चालले. साक्रीत बाजार भरला होता. डोंगरातून आलेल्या बायका मोहाची वाळवलेली फुलं, डिंक, बांबूच्या टोपल्या मांडून बसल्या होत्या. विमलच्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडे आम्ही उतरलो. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. नंदा जेवून लगेच सायकलकडे गेली. सगळी पट्टी सोडवली, झटकली आणि पुन्हा गुंडाळली, पहिल्यासारखीच, मध्यापासून टोकाकडे. हरवलेल्या बुचाऐवजी दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडाचा तुकडा ठोकला. पट्टी पुन्हा छान दिसू लागली.

कोंडाईबारी

दहिवेल गेलं आणि साग सुरू झाला. पानं मोठी, कोरडी, वाऱ्यानं कागदासारखी वाजणारी. मग रस्ता एकदम संपल्यासारखा वाटला. पुढे जमीन नव्हतीच. खाली दरी, तिच्यात वळत गेलेला डांबरी पट्टा आणि लाकडाचे ओंडके घेऊन किंचाळत चढणारे ट्रक.

"मी खालपर्यंत जाते आणि चढून येते," नंदा म्हणाली. "तू इथेच थांब."

"सावकाश."

"हो."

"नंदा, खरंच सावकाश."

ती गेली. पहिल्या वळणापर्यंत तिची पाठ दिसली, मग झाडं. मग मधल्या एका फटीतून क्षणभर दिसली, फार वेगात. नंतर काही नाही.

मी दगडावर बसले. एक ट्रक वर आला. मी ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्यानं काही पाहिलं असेल तर दिसेल म्हणून. तो विडी ओढत निघून गेला. दुसरा आला, गेला. ओंडक्यांनी लादलेला एक ट्रक वरून खाली उतरला आणि त्याच्या ब्रेकचा जळका वास मागे राहिला. आता येईल, आता येईल असं म्हणत मी वळणाकडे बघत राहिले. चढायला वेळ लागतो, हे मला कळत होतं. पण बसवेना. मी उठले आणि सायकल हातात धरून खाली चालू लागले. मग धावू लागले. सायकल माझ्या पायांना आपटत होती.

वळणांमागून वळणं गेली आणि रस्त्यात पांढरी पट्टी पडलेली दिसली. लांबच लांब, सापाच्या कातीसारखी, एक टोक कडेच्या गवतात गेलेलं.

मी हाक मारली. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"ए बाई, आठे!" इकडे ये, असं खालून कुणीतरी ओरडलं.

रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग होता. त्याच्या पायथ्याशी सायकल पडली होती आणि सागाच्या बुंध्याला टेकून नंदा बसली होती. तिच्यासमोर एक आदिवासी बाई उकिडवी बसून भोपळ्याच्या तुंब्यातून तिला पाणी पाजत होती. बाजूला लाकडाची मोळी पडलेली. माझं तोंड बघून ती म्हणाली, "भिऊ नको बाई, तुनी पोर धड शे."

मी नंदाजवळ बसले. तेव्हापासून हात माझे नव्हते, ते दवाखान्यातल्या सिस्टरचे झाले. मान, खांदे, फासळ्या, मनगट, बोटं हलवून बघितली. डोळ्यांत बघितलं. नाव विचारलं, गाव विचारलं. हाड मोडलं नव्हतं. डावा तळहात, कोपर आणि गुडघा सोलून निघाले होते, त्यांत मुरूम भरला होता. डबा उघडून मी चिमट्यानं एकेक खडा काढला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पट्टी सुटली," ती खालच्या आवाजात म्हणाली. "डावी. हाताखाली गोळा झाली, मग सुटून चाकाकडे उडायला लागली. मी बघायला गेले आणि हात नुसत्या लोखंडावरून घसरला. ब्रेकपर्यंत पोचलाच नाही. मुरमाचा ढीग नसता तर…"

पुढे दरी होती. ती तिनं बघितली, मीही बघितली.

मग ती थरथरायला लागली.  "आई, मला नको शर्यत. मी परत नाही बसणार सायकलवर. एसटीनं जाऊ."

धुळ्याला हेच तर मी मागितलं होतं. ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भ्यालेली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, पण माझ्या नंदाच्या चेहऱ्यावर ती भीती कधी नव्हती. तो चेहरा घरी घेऊन जायचा, या कल्पनेची मला वेगळीच धास्ती बसली.

"आते कथी जाशात?" आता कुठे जाणार, असं ती बाई म्हणाली. "आठेच ऱ्हा." तिचं नाव बुधीबाई. तिचं घर उताराच्या खाली, रस्त्यापासून जरा आत होतं. मोळी तिनं डोक्यावर घेतली आणि नंदाची सायकलही एका हातानं ढकलत नेली.

घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, अंगण आरशासारखं स्वच्छ. बुधीबाईनं नागलीची काळसर भाकरी आणि उडदाची डाळ दिली. नंदा दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. मी अंगणात येऊन बसले. करायला काही नव्हतं, आणि नुसतं बसणं मला शक्य नव्हतं. मी रस्त्यावरून गोळा केलेली पट्टी धुतली आणि कुंपणावर वाळत घातली. मग उजव्या बाजूची उरलेली पट्टी सोडवू लागले.

सोडवताना माझ्या लक्षात आलं. वरून खाली गुंडाळल्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून होती. हात खाली रेटला की तो त्या कडेलाच लागायचा आणि ती उचकटायची. पायाला बँडेज बांधताना आम्ही कधी मांडीकडून सुरुवात करत नाही. बोटांकडून वर जातो.

पट्टी वाळल्यावर मी हँडलच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली. बोटभर पट्टी बाहेर ठेवून पहिला वेढा घेतला, उरलेलं टोक नळीत दाबलं. मग प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर, पट्टी सतत ताणलेली, ढिली एकदाही नाही. बाक आला तिथे आतल्या बाजूला घड्या जमू लागल्या आणि बाहेरून लोखंड दिसू लागलं. दोनदा सोडलं. कोपराला बांधतो तशी तिरकी नेली तेव्हा बसली. ब्रेकचा खटका जिथे बसवलेला असतो तिथे आडवीतिडवी आठच्या आकड्यासारखी घेतली. पुढे पुन्हा सरळ, मध्याजवळ आणून कापली आणि डब्यातली चिकटपट्टी वरून ओढून लावली.

बुधीबाई मिश्री लावत बघत होती. तिनं पुढे होऊन हँडल मुठीत धरलं, पिळून बघितलं. "आते नही सुटाव," म्हणाली.

"आई, बाकावर जास्त जाड झालीय." मागून नंदाचा आवाज आला. ती दारात उभी होती, हाताला माझं बँडेज. "दुसरी बाजू मी करते."

"हात दुखेल."

"तू ताणून धर. मी फिरवते."

तसं केलं. मी पट्टी ताणून धरली आणि तिनं सुट्या हातानं वेढे घेतले. एक चुकला तर स्वतःच सोडला, परत घेतला. तिची बाजू माझ्यापेक्षा सफाईदार झाली. शेवटी तिनं पडताना वाकलेला डावा ब्रेक दगडानं ठोकून सरळ केला, चाक फिरवून बघितलं आणि बराच वेळ ते फिरताना बघत राहिली. शर्यतीचं नाव दोघींनी काढलं नाही.

दुसरा दिवस आम्ही तिथेच काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी नंदा म्हणाली, "वर जाऊया." सायकली ढकलत आम्ही सगळा घाट चढलो. बुधीबाई लाकडांसाठी अर्ध्यापर्यंत सोबत आली. "बठ्ठा घाट असाच शे, माय," ती नंदाला म्हणाली, बठ्ठा म्हणजे सगळाच. "आम्ही रोज उतरतस." मग ती झाडीत गेली.

माथ्यावर नंदानं सायकलवर टांग टाकली आणि तशीच उभी राहिली. हात खालच्या बाकावर, पाय जमिनीवर. पाय उचलेचना. चेहऱ्यावर तोच परवाचा रंग चढत होता.

"मी पुढे जाते," मी म्हणाले.

"तू? या सायकलवर?"

"माझ्या मागून ये. माझ्यापुढे जायचं नाही."

हे मी कसं बोलले मला सांगता येत नाही. बोलून झाल्यावर थांबले असते तर कधीच गेले नसते, म्हणून लगेच सुटले. सायकल अंगाखालून पळू लागली. ब्रेक दाबले तर ते किंचाळत, सोडले तर दरी समोर येई. कानांत वारा, पदर सुटून फडफडणारा. मागे बघणं शक्य नव्हतं. घाटाच्या माथ्यापर्यंतच्या सगळ्या वाटेवर नंदाचं मागचं चाक मी नजरेआड होऊ दिलं नव्हतं. आता ती माझ्या पाठीमागे होती आणि मला फक्त तिच्या फ्रीव्हीलची, पायडल न मारता पळणाऱ्या चाकाची, टिकटिक ऐकू येत होती. मुरमाच्या ढिगापाशी ती टिकटिक थांबली.

मी काहीच करू शकत नव्हते. थांबले असते तर पडलेच असते. एक वळण तसंच गेलं, निःशब्द. ओंडक्यांचा एक ट्रक वर चढत आला आणि त्याच्या आवाजात मला दुसरं काही ऐकूच येईना. ट्रक गेला. मागे शांतता. मग टिकटिक पुन्हा सुरू झाली, लांबून, आणि हळूहळू जवळ येत गेली.

खाली रस्ता सपाट झाला तिथे माझी सायकल आपोआप मंदावली आणि थांबली. मी पाय टेकले. नंदा शेजारी येऊन उभी राहिली. तोंड धुळीनं माखलेलं, डोळे चमकत होते.

"ढिगाजवळ उतरले होते," ती म्हणाली. "दरीत नीट बघून घेतलं. मग परत बसले."

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात उचलता येईनात. बोटं ब्रेकवर वळून घट्ट बसली होती, पांढरी पडली होती, माझं ऐकत नव्हती. नंदानं आपली सायकल झाडाला टेकवली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बँडेज बांधलेल्या हातानं माझं एकेक बोट ब्रेकवरून उकलू लागली.

"सोड आता, आई," ती म्हणाली. "पोचलो आपण."